तहसीलवर धरणं धरायचं ठरलंय? मग आधी हे वाचा

हा लेख दोन-पाच एकरवाल्यांसाठी आहे. ज्यांच्या पाठीशी मोठी संघटना नाही, गावात पुढारी असला तरी तो आपला नाही, पण सरकारच्या एखाद्या निर्णयानं पिकाचा भाव गेलाय, विमा अडलाय किंवा अनुदान हुकलंय, आणि आता गप्प बसायचं नाही असं चार घरांत ठरलंय, त्यांच्यासाठी. मी अशा आंदोलनांत कागद सांभाळायचं काम केलंय. माझं मत विचाराल तर धरणं ज्या दिवशी असतं त्या दिवशी फारसं काही ठरत नाही. जे ठरायचं ते आधीच्या तीन-चार आठवड्यांत ठरलेलं असतं, आणि उरलेलं नंतरच्या दोन महिन्यांत.

१. तो आदेश आधी हातात घ्या

‘सरकारनं वाटोळं केलं’ हे पारावर बोलायला ठीक आहे, निवेदनात चालत नाही. कोणत्या तारखेचा, कोणत्या विभागाचा, कोणत्या क्रमांकाचा आदेश आपल्याला नडतोय ते शोधायचं.

कांद्याचंच बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ते केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली, ती वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवायचा नाही अशी, अट आली आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ही अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. आता समजा त्या सप्टेंबरनंतर कुणी ‘निर्यातबंदी उठवा’ असा बॅनर लावून तहसीलवर गेला असता, तर साहेबांनी हसून सांगितलं असतं की ती तर मे महिन्यातच उठली. खरा त्रास शुल्काचा होता, पण मागणी शिळी म्हणून माणसं खोटी पडली असती.

राज्याचे निर्णय शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर सापडतात. विभाग आणि महिना निवडून शोधा. केंद्राच्या अधिसूचना राजपत्रात असतात. वर्तमानपत्रातली बातमी पुरावा म्हणून जोडू नका, तिच्यावरून मूळ कागद शोधा. नाहीच सापडला तर माहिती अधिकारात मागा. राज्य सरकारच्या कार्यालयाला अर्ज करताना १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवावा लागतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाकायचा.

२. सही कोणाची, ते पाहून मागणी लिहा

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. निर्यातबंदी तहसीलदार उठवू शकत नाही. त्याला तुम्ही दिवसभर उन्हात बसून तेच मागितलंत तर तो संध्याकाळी ‘आपल्या भावना शासनाला कळवतो’ म्हणेल, आणि त्याच्या बाजूनं ते खरंही असेल.

ढोबळ वाटणी अशी. निर्यात, आयात आणि त्यांवरची शुल्कं केंद्राकडे. हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं, कृषी मूल्य आयोग फक्त शिफारस करतो. पण खरेदी केंद्र कुठे आणि कधी सुरू होणार यात राज्याचा पणन विभाग आणि जिल्हा प्रशासन असतं. वीजदर वीज नियामक आयोग ठरवतो, जळालेलं रोहित्र बदलणं महावितरणच्या कार्यालयाचं काम. पीकविम्याची योजना केंद्राची, पण ती राज्यात कोणत्या अटींवर राबवायची ते राज्य ठरवतं. एक रुपयात विमा ही राज्याची सवलत होती आणि २०२५ च्या खरिपापासून ती राज्यानंच बंद केली. नुकसानीचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकाकडून होतो.

म्हणून मागण्या दोन भागांत लिहा. वरची मागणी एकच, धोरणाबद्दलची, आणि ती ज्याच्या सहीनं मान्य होते त्याच्या नावानं. खालच्या दोन किंवा तीन, ज्या समोरच्या अधिकाऱ्याला त्याच्या अधिकारात करता येतात: सुटलेले पंचनामे आठ दिवसांत करा, पीकपाहणीच्या नोंदी दुरुस्त करून द्या, अमुक गावाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून त्याची प्रत आम्हाला द्या. खालच्या मागण्यांमुळे लोक रिकाम्या हातानं घरी जात नाहीत, आणि पुढच्या वेळी पुन्हा येतात. वीस-पंचवीस मागण्यांची यादी करायची हौस अनेकांना असते. ती करू नका. यादी लांब असली की अधिकारी त्यातल्या सोप्या उचलतो आणि ‘बहुतांश मागण्या मान्य’ असं पत्र काढून मोकळा होतो.

३. गाव जोडा, वाड्या-वस्त्यांसकट

पहिली बैठक गावठाणात नको, वस्तीवर घ्या. गावठाणातल्या बैठकीला नेहमीचीच तोंडं येतात. संध्याकाळी जनावरांचं झाल्यावर, धारा काढून झाल्यावर बोलवा.

कोण सुटतं ते मुद्दाम बघा. वाटेकरी सुटतात, कारण सातबारा त्यांच्या नावावर नसतो आणि अनुदानही मालकाच्या खात्यात जातं. मजूर सुटतात. आणि बायका सुटतात, ज्यांनी रोपं लावलेली असतात, खुरपलेलं असतं, काढणी केलेली असते, पण ‘शेतकरी’ म्हटलं की नाव नवऱ्याचं लागतं. त्यांच्याशिवाय धरणं भरत नाही हा वेगळा मुद्दा, पण घरात खर्चाचा हिशेब त्यांनाच तोंडपाठ असतो. भाषणात आकडा चुकला की मागून दुरुस्त करणारी बाईच असते.

जमलं तर ग्रामसभेचा ठराव घ्या. २०१७ चा शेतकरी संप अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, पुणतांब्यात ग्रामसभेतूनच उभा राहिला. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जी संख्या कमी ती. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, ती नावापुरती करू नका. ठराव झाला की सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांकासह त्याची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागून घ्या. ‘इतिवृत्त लिहून झालं की देतो’ या वाक्यावर विसंबून राहू नका. सरपंच तयार नसेल तर थांबायचं कारण नाही. गावकऱ्यांच्या सह्यांचं निवेदनही चालतं, फक्त प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि गट क्रमांक असू द्या.

राजकीय पक्षांचं काय? सगळ्या पक्षांची माणसं येऊ द्यावीत, झेंडे आणू देऊ नयेत. हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या, मंडपात वाद नको. आणि निवडणूक जवळ असेल तर दुप्पट सावध राहा. तुमच्या मंडपात फोटो काढायला येणाऱ्यांची त्या काळात कमी नसते.

४. पुरावे गोळा करा

इथे आळस केला तर मान्य झालेली मागणीसुद्धा हातातून जाते. २०२३ मध्ये कांद्याचा भाव पडल्यावर राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी ही अट आली, आणि ज्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून आपल्या पिकाची नोंद, केली नव्हती ते अडकले. माल विकलेला खरा, बाजार समितीची विक्रीपट्टी हातात, तरी नोंद नाही म्हणून अर्ज बाजूला. आंदोलन सुरू करायच्या आधी गावातल्या प्रत्येकाची पीकपाहणी झालीय का ते बघा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

फाइलमध्ये हे असावं:

- मूळ आदेश किंवा अधिसूचना, नडणाऱ्या ओळीखाली खूण करून
- चालू सातबारा आणि आठ अ
- बाजार समितीच्या विक्रीपट्ट्या, हमाली-तोलाई-वाराई कापलेली दिसेल अशा
- बियाणं, खत, औषधं यांची पक्की बिलं
- विम्याची पावती, नुकसान कळवल्याचा क्रमांक
- शेताचे तारीख दिसणारे फोटो
- ग्रामसभेचा ठराव किंवा सह्यांचं निवेदन
- आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच

पट्ट्या हरवतात, शाई उडते. मोबाईलवर फोटो काढून एकाच माणसाकडे जमा करा. दहा-पंधरा जणांच्या पट्ट्यांवरून एक साधा तक्ता करा: एकरी खर्च किती, माल किती निघाला, हातात काय आलं. पत्रकार आणि अधिकारी दोघंही भाषणापेक्षा हा तक्ता मागतात. आकडे फुगवू नका. एक खोटा सापडला की बाकीचे खरेही गेले.

५. प्रकार आणि दिवस ठरवा

पहिल्यांदा करत असाल तर एक दिवसाचं धरणं. दुसऱ्या टप्प्यावर साखळी उपोषण, म्हणजे रोज वेगळ्या वस्तीची पाच माणसं बसतात आणि बाकीच्यांची शेतं बुडत नाहीत. थेट रास्ता रोकोवर उडी मारू नका. दहा मिनिटांत पेपरला फोटो येतो हे खरं, पण गुन्हे दाखल होतात आणि खेटे वर्षानुवर्षं घालावे लागतात. राज्य सरकार अधूनमधून आंदोलनांतले खटले मागे घ्यायचा निर्णय करतं, तेही जीवितहानी झालेली नसेल आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या आत असेल तरच. तोवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराची चारित्र्य पडताळणी अडकून बसते. अशी पोरं पुढच्या रांगेत उभी करू नका, त्यांना पाण्याची आणि वाहनांची कामं द्या.

निवेदनात ‘अन्यथा आत्मदहन करू’ लिहायची आपल्याकडे जणू पद्धत पडलीय. लिहू नका. पोलीस आदल्या रात्रीच उचलतात. शिवाय सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ प्रमाणे गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्यामागे घर आहे.

दिवस निवडताना बाजाराचा दिवस, पेरणी-काढणीची घाई, परीक्षा आणि सण बघा. साहेब मुख्यालयात असतील का ते बघा. तालुक्याच्या आढावा बैठकीच्या दिवशी गेलात तर रिकाम्या खुर्चीसमोर बसाल. लोकांच्या सोयीचा विचार केला तर लोक आपल्या बाजूनं येतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला, तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू होत्या. पोरांची अडचण नको म्हणून थकलेली माणसं रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालत गेली. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा होता असं मला वाटतं. उलट रस्त्यावर दूध ओतलेलं बघून शहरातला माणूस तोंड फिरवतो. ओतण्यापेक्षा वाटा.

६. निवेदन आणि परवानगी

शांततेनं, शस्त्राविना एकत्र जमायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलाय, पण त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालता येतात. व्यवहारात याचा अर्थ असा की पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचाच. आठ-दहा दिवस आधी द्या.

अर्जात जागा, तारीख, सुरू आणि संपायची वेळ, अंदाजे माणसं, वाहनं, ध्वनिक्षेपक आहे का, आणि जबाबदार असलेल्या पाच जणांची नावं-मोबाईल लिहा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ तो चालत नाही. निवेदन तहसीलदारांना, प्रती प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी आणि पोलीस ठाण्याला. प्रत्येक ठिकाणी आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवलंय’ ही पोच नव्हे.

दोन गोष्टींनी लोक घाबरतात. एक, जिल्ह्यात मनाई आदेश असतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) आणि ३७(३) खाली तो एका वेळी साधारण १५ दिवसांचा निघतो, सण-यात्रा-निवडणुकीच्या आसपास तर हटकून. आदेशाची प्रत मागून वाचा. परवानगी घेतलेल्या कार्यक्रमाला त्यातून सूट असते. दोन, पोलीस नोटीस आणून देतात. पूर्वी तिला १४९ ची नोटीस म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १६८ खाली येते. ती ताकीद आहे, अटक नव्हे. सही करून घ्या, फोटो काढा, फाइलला लावा. परवानगी नाकारली तर नकार लेखी मागा आणि पर्यायी जागा किंवा तारीख सुचवा.

गोपनीय शाखेचा हवालदार साध्या कपड्यात येईल, चहा पिऊन ‘किती माणसं येणार’ विचारेल. खरं सांगा. बंदोबस्त त्यावर ठरतो, आणि लपवण्यासारखं आपल्याकडे काही नसतं.

७. पैसे

पावतीपुस्तक छापा. दहा रुपये दिले तरी पावती. खर्च धरायचा तो मंडप, ध्वनिक्षेपक, पाणी, बॅनर, टेम्पो आणि झेरॉक्स यांचा. कुणा एकाच बड्या माणसाकडून सगळा खर्च घेऊ नका, आंदोलन त्याच्या नावावर चढतं. दुसऱ्या दिवशी जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी चिकटवा.

८. त्या दिवशी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरून नेऊ नका. बेकायदेशीर तर आहेच, पण अपघात झाला तर विमा हात वर करतो. एसटीनं किंवा प्रवासी वाहनानं या.

स्वयंसेवक ठरवा आणि त्यांच्या हाताला एकाच रंगाचं फडकं बांधा. घोषणा आधी लिहून द्या. कुणा अधिकाऱ्याच्या जातीवर, घरच्यांवर घोषणा गेली तर तिथल्या तिथे थांबवा. कार्यालयात घुसणं, कर्मचाऱ्याला हात लावणं, कागद फेकणं या गोष्टींतून सरकारी कामात अडथळा आणि हल्ला अशी जड कलमं लागतात, आणि मग पेपरात तुमच्या पिकाच्या भावाचा नव्हे, त्या धक्काबुक्कीचा मथळा येतो. दारू पिऊन आलेल्याला गोड बोलून घरी पाठवा. कुणीतरी येतोच.

ताब्यात घेतलं तर प्रतिकार करू नका. कुठल्या ठाण्यात नेतायत ते विचारा, नावांची यादी बाहेरच्या माणसाकडे द्या. अटक केली तर कारण सांगणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करता येत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवेचा मदत क्रमांक १५१०० आहे.

बातमीसाठी तालुका वार्ताहरांना दुपारी चारच्या आत एक पानी प्रेसनोट, फोटो आणि तो तक्ता पाठवा. उशिरा पाठवलेलं दुसऱ्या दिवशी शिळं होतं.

९. बोलणी

आत कोण जाणार ते आदल्या दिवशी ठरवा. पाच जण, त्यांत निदान एक बाई आणि एक वाटेकरी. एकट्यानं कुणी आत जायचं नाही, आणि आत निर्णय द्यायचा नाही. २०१७ च्या संपात जूनच्या सुरुवातीला काही प्रतिनिधी मुंबईत मुख्यमंत्र्यांशी रात्री बोलणी करून आले आणि पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. गावोगावच्या लोकांना ते मान्य नव्हतं. संप चालूच राहिला, पण फूट पडायची ती पडली. पुढे २४ जूनला कर्जमाफी जाहीर झाली ती उरलेल्यांनी दम धरला म्हणून.

अधिकारी एक पत्र देईल. त्याचा साचा ठरलेला असतो: ‘आपल्या मागण्या उचित कार्यवाहीस्तव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येत आहेत, तरी आपण आंदोलनापासून परावृत्त व्हावे.’ एवढ्यावर उठू नका. पत्रात मागणीनिहाय उत्तर, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि वर पाठवलेल्या प्रस्तावाचा जावक क्रमांक हे चार तपशील मागा. मग पत्र मंडपात मोठ्यानं वाचा, लोकांना विचारा, आणि त्यांचं उत्तर घेऊनच उठा किंवा बसा.

१०. नंतरचे दोन महिने

२०१८ च्या त्या पायी मोर्चाला सरकारनं लेखी आश्वासन दिलं होतं. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा निघावं लागलं, मार्च २०२३ मध्ये पुन्हा. एवढ्या मोठ्या मोर्चाची ही गत, तर आपल्या तालुक्याच्या पत्राची काय असेल याचा अंदाज बांधा.

म्हणून पत्रातली तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र, पोच घेऊन. आणखी पंधरा दिवसांनी माहिती अधिकार अर्ज: ‘दि. अमुकच्या निवेदनावर (आवक क्र. अमुक) केलेल्या कार्यवाहीच्या, टिपणीच्या आणि वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात.’ ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत करता येतं, पण तिथे सुनावणीला वेळ लागतो.

त्याची वाट न बघता फाइलची एक झेरॉक्स आपल्या आमदाराला द्या, विरोधी पक्षाच्या एका आमदारालाही द्या, आणि अधिवेशनाच्या पुरेसं आधी द्या, म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं, तो टाकता येतो. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. विधानसभेत प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तहसीलला माहिती मागवली जाते, आणि तेव्हा तुमचं निवेदन कपाटातून बाहेर काढावंच लागतं.